नजरेच्या भरवशावरचे उड्डाण

धावपट्टीची मध्यरेषा आणि सुमारे ३ अंशांचा उतार रेडिओ लहरींनी दाखविणारी यंत्रणा आज ढगाळ हवेतही विमान सुखरूप उतरविते. जे. आर. डी. टाटांच्या उमेदीच्या काळात भारतीय वैमानिकांना हा आधार नव्हता. १९०४ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या जेआरडींना १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी केवळ उपकरणे व रेडिओ संकेतांवर विमान उतरविले. मात्र, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जेआरडी जुहूला उतरले, ते रेडिओविना. पावसाळ्यात जुहूला चिखल झाला, की सेवा पुण्याला हलवावी लागे. १९४८ मध्ये त्यांच्याच एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान लंडनला झेपावले. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केले. १९९३ मध्ये जिनिव्हात त्यांचे निधन झाले.