त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा

गोमंतकाच्या मुक्तिलढ्याचा इतिहास सामान्यतः 18 जून 1946 रोजी मडगाव येथे झालेल्या डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सभेपासून सांगितला जातो. त्यापूर्वी जवळजवळ दोन दशके ज्याने या लढ्याची वैचारिक भूमी नांगरली, त्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचे चरित्र त्यामुळे काहीसे झाकोळून गेले आहे.

कुन्हा यांचा जन्म चांदर येथे 2 एप्रिल 1891 रोजी झाला. पाँडिचेरीतील शिक्षणानंतर ते पॅरिसला गेले व विद्युत-अभियंता झाले. तेथील फ्रेंच नियतकालिकांतून त्यांनी हिंदी स्वातंत्र्याची बाजू मांडली. 1926 मध्ये ते परतले. त्याच वर्षी लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढील सालाझारशाहीचा पाया घातला गेला. 1928 मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली व ती राष्ट्रीय सभेशी जोडली. 1930 च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांना दुय्यम ठरविले, तेव्हा त्यांचे मेहुणे लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. परंतु सनदशीर विरोधाची वाट लवकरच बुजली. पूर्वतपासणी इतकी कडक होती की लग्नपत्रिकाही छापण्यापूर्वी अधिकाऱ्यांना दाखवावी लागे. 1934 मध्ये राष्ट्रीय सभेनेही, परदेशी भूमीतील शाखा म्हणून, गोवा समितीची संलग्नता काढून घेतली. घरच्यांनीच दार लावून घ्यावे, तसा हा प्रकार होता.

1944 मध्ये त्यांची 'डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स' ही इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. धर्मसमीक्षण न्यायालय, कोंकणीवरील बंदी आणि पोर्तुगीज शिक्षण यांनी गोमंतकीय मन आपल्या भूमीपासून कसे तोडले, हा तिचा विषय होय. तिचा प्रहार मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या, म्हणजे सुशिक्षित ख्रिस्ती वर्गावर आहे. आमच्या मते तिच्यात एक अन्यायही आहे: ज्या पोर्तुगीज गद्यातून मिनेझिस ब्रागांझांनी सत्तेला आव्हान दिले, ते गद्यही याच शिक्षणाचे अपत्य होते. शिवाय स्वतः कुन्हांचा राष्ट्रवाद फ्रेंच ग्रंथांच्या सहवासात घडला होता. तथापि राजकीय दास्यामागील मानसिक दास्य इतक्या निर्भीडपणे उघड करणारे लेखन तत्कालीन गोमंतकात दुसरे क्वचितच आढळेल.

जुलै 1946 मध्ये त्यांना अटक झाली. आग्वादच्या किल्ल्यातील अंधारकोठडीनंतर लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा फर्माविली आणि पंचावन्न वर्षांच्या या माणसाची रवानगी पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात झाली. सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही तेथेच डांबले जात. वसाहतीतील व मायदेशातील असंतोषाला राजवटीने एकच तुरुंग दिला होता. सुटकेनंतरही गोव्यास परतण्याची मुभा नव्हती. 1953 मध्ये ते निसटून पॅरिसमार्गे मुंबईस पोहोचले, गोवा कृती समिती उभारली आणि 'फ्री गोवा' हे पत्र चालविले.

26 सप्टेंबर 1958 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 रोजी. त्यांचे अवशेष पणजीच्या आझाद मैदानावर पोहोचण्यास मात्र 1986 साल उजाडावे लागले.