पंडिता रमाबाई : पुण्याईच्या हिशेबापलीकडे

पंडिता रमाबाई म्हटले की शारदा सदन, बालविधवा आणि केडगावचे मुक्ती मिशन आठवते. त्यांच्या समाजकार्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. पण एका प्रश्नाने या बाईंना निम्मे आयुष्य छळले, त्याची चर्चा फारशी होत नाही. माणूस देवापुढे निर्दोष ठरतो तो कशाच्या बळावर?

हा प्रश्न त्यांनी आधी भोगला होता. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमेचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगावी पुराण सांगत. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष पत्करला होता. पुढे आईने लेकीला शिकवले. स्नान, उपवास, दानधर्म यांत या कुटुंबाने काही उणे ठेवले नाही. होता नव्हता तो पैसा दानात गेला. मग दक्षिणेत दुष्काळ पडला आणि वडील, आई, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. उरलेली दोघे भावंडे, रमा आणि श्रीनिवास, अर्धपोटी, पायी देशभर भटकत राहिली.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. रमेची विद्वत्ता पाहून तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. मनातली श्रद्धा मात्र ढासळली होती. एवढे पुण्य करूनही देव का पावला नाही? शिवाय धर्मग्रंथ वाचताना त्यांना दिसले की, स्त्रीला स्वतःच्या अधिकाराने मोक्षाची वाटच नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. पतित स्त्रियांना मायेने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचे काम तिथे त्यांनी पाहिले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. धर्म बदलला तरी मनाला शांती नव्हती. प्रार्थना, वाचन, सेवा सारे चालू होते. आतला हिशेब मात्र जुनाच होता. सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन पडले. आपण धर्मोपदेशक झालो, पण आपला उद्धार झालेला नाही, हे त्यांना दीक्षेनंतर बऱ्याच काळाने कळले होते. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना जाणवले.

ख्रिस्ती शिकवणीत याला विश्वासाने नीतिमान ठरणे म्हणतात. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हा विचार आहे. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी तो पुन्हा ठामपणे मांडला. पापी माणूस आपल्या सत्कर्मांनी देवाचे देणे फेडू शकत नाही. ख्रिस्ताच्या बलिदानावर विश्वास ठेवणाऱ्याला देव ते माफ करतो, फुकट. जिच्या घराने पुण्यापायी सर्वस्व वेचले होते, तिला या ‘फुकट’ शब्दाचे मोल किती वाटले असेल!

फुकट मिळाले म्हणजे मग हातपाय हलवायला नकोत, अशी शंका कुणालाही येईल. रमाबाईंचे पुढचे आयुष्य हेच तिचे उत्तर आहे. त्याची किंमतही त्यांनी मोजली. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात, या आक्षेपावरून १८९३ साली पुण्यात वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. बाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बाया आणल्या. केडगावच्या माळावर शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. उपाशी राहणे म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक होते.

अखेरची वर्षे त्यांनी बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घालवली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्यांचा मार्ग प्रत्येकाला पटेलच असे नाही. पण एवढे काम करूनही त्याचा हिशेब त्यांनी देवापुढे मांडला नाही, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यानेही ध्यानात घ्यावे.