संकेतधुनेमागचा निर्वासित

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता अच्छाडपाशी महाराष्ट्राची हद्द ओलांडतो. तलासरी तालुक्याच्या या टोकाला रेडिओचा काटा मुंबई केंद्रावर असो वा अहमदाबादवर, निवेदनाची भाषा तेवढी बदलत असे. पहाटेची सभा सुरू होण्यापूर्वीची, तंबोऱ्याच्या साथीतील व्हायोलिनची धून मात्र एकच. ती शिवरंजनीच्या स्वरांवर बांधलेली आहे हे जाणकार ओळखतात. ती रचणारे वाल्टर कॉफमन हे हिटलरशाहीमुळे युरोपला मुकलेले ज्यू होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. (श्रेयाच्या संदर्भात अन्य नावेही घेतली जातात, बहुमान्य नाव कॉफमन यांचेच.)

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. संगीतरचनेचे शिक्षण त्यांनी बर्लिनला घेतले, संगीतशास्त्राचे प्रागला. प्रागच्या जर्मन विद्यापीठाची डॉक्टरेट जवळजवळ हाती आली होती. परंतु आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग नाझी पक्षाचे आहेत असे कळताच त्यांनी ती पदवी नाकारली. पदवीवाचून विद्यापीठाची दारे कशी बंद राहतात, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. त्या काळात कितीतरी विद्वान तोंड मिटून पदे व पदव्या स्वीकारीत होते. ज्यूद्वेषाचा पाया रस्त्यावरच्या गुंडांनी घातला असेल, पण तो भक्कम केला या मुक्या सुशिक्षितांनीच.

१९३४ साली कॉफमन मुंबईस आले. प्रवेशाचा परवाना येथे सहज मिळाला, एवढेच त्यामागचे कारण. येथील संगीत प्रथम त्यांना अगदी परके वाटले. तथापि जे लाखो लोकांना प्रिय आहे त्यात सौंदर्य नसेल असे कसे होईल, उणीव आपल्याच कानांत असली पाहिजे, असा विचार करून ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. वंशश्रेष्ठत्वाच्या वेडाने पछाडलेल्या खंडातून आलेल्या माणसाची ही वृत्ती विशेष लक्षणीय होय. मेहली मेहता आदींना बरोबर घेऊन त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. पुढे बस्तरच्या गोंडांच्या गीतांवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन केले, आणि उत्तर व दक्षिण भारतातील रागांवर मोठे ग्रंथही.

मुंबईतील या वर्षांवर एक काळी छाया होती. ज्या गेर्टीशी त्यांचा विवाह झाला होता, ती लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. गेर्टीची आई एली हिला १९४१ साली प्रागहून लोज येथील ज्यूंच्या कोंडवाड्यात धाडण्यात आले. ती परतली नाही. काफ्कांच्या उरलेल्या दोन्ही बहिणीही नाझींनी मारल्या. साठ लाख हा आकडा मनात मावत नाही. एका जावयाची सासू मावते.

कोकणात शतकानुशतके तेलघाणे चालविणाऱ्या बेने इस्राएल समाजाला येथे कधी धर्मापायी छळ सोसावा लागला नाही, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. त्याच महाराष्ट्रात हिटलरचे आत्मचरित्र पदपथावर राजरोस विकले जाते, आणि शिस्तीचा व देशभक्तीचा दाखला म्हणून त्याचे नाव घेणारे वक्तेही भेटतात. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला हिटलरचे नाव देण्यात आले. ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते बदलले गेले. यात दुष्टावा थोडा, अज्ञान फार. पण अज्ञानाची जबाबदारी शाळा, वृत्तपत्रे आणि नभोवाणी यांच्यावर येतेच.

कॉफमन भारतातून गेल्यावर कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापन करू लागले, आणि १९८४ साली तेथेच निवर्तले. ऑशविट्झची छळछावणी १९४५ साली ज्या दिवशी मुक्त झाली तो २७ जानेवारी हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली स्मृतिदिन म्हणून जाहीर केला. त्या पहाटे धून संपल्यावर निवेदकाने वाल्टर कॉफमन कोण होते व ते येथे का आले, एवढे सांगितले तर अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागणार नाही.