कामगारांचे कैवारी नारायण मेघाजी लोखंडे

नाशिक शहरातील सातपूर व अंबड या भागांत अनेक लहानमोठे कारखाने आहेत. तेथे यंत्रावर काम करताना एखाद्या कामगारास इजा झाली, तर नुकसानभरपाई मागण्याचा त्यास कायद्याने हक्क आहे. हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ज्यांनी तो मागितला, ते नारायण मेघाजी लोखंडे होत.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाणे येथे एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण आटोपल्यावर काही वर्षांनी ते मुंबईस मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे मजुरांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टी नसे. यंत्रे वाफेच्या बळावर फिरणाऱ्या पट्ट्यांनी चालत. धोतराचा सोगा त्यांत सापडला, की क्षणात हात किंवा पाय जाई. 1881 च्या कायद्याने धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालण्याची सक्ती केली; परंतु जखमी मजुराच्या घरी चूल कशी पेटावी, याविषयी त्यात काहीच नव्हते.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. 1880 पासून ते मुंबईत ‘दीनबंधु’ पत्र चालवू लागले. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या वेळेस मर्यादा व वेळेवर पगार, अशा मागण्या त्यात होत्या. आणखी एक मागणी त्याहून धाडसाची होती. कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कोणी जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. त्याच वर्षी जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला. इंग्लंडात मात्र भरपाईचा कायदा होण्यास 1897 साल उजाडले. यावरून लोखंडे यांची दूरदृष्टी ध्यानात येते.

मालकांनी या मागण्यांकडे लक्ष दिले नाही. तरी लोखंडे खचले नाहीत. एप्रिल 1890 मध्ये त्यांच्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. त्यांत स्त्रियाही होत्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जखमी कामगाराच्या पगाराची मागणी मात्र तशीच राहिली. 1897 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले असता लोखंडे यांनी लोकांच्या मदतीस धाव घेतली. त्याच रोगाने फेब्रुवारी महिन्यात त्यांचा अंत झाला.

पुढे 1923 साली भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यातही घरी पडून असलेल्या कामगारास सुमारे निम्माच पगार मिळे. निम्म्या पगारात पूर्ण कुटुंब पोसणे किती कठीण, हे ज्याचे त्यास ठाऊक! 1948 च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना सुरू झाली. आज तिच्यात जखमी विमेदार कामगारास वेतनाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. लोखंडे यांनी पूर्ण पगार मागितला होता. जे आपल्या हयातीत मिळणार नाही, तेही न्याय्य असेल तर निर्भयपणे मागावे, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे.