आकाश वाचणारे शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

वैशाखी पौर्णिमेचा चंद्र विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून त्या महिन्याचे नाव वैशाख. चंद्र रोज आपली जागा बदलतो. तारे मात्र परस्परांतील अंतरे सोडत नाहीत. चालणारा चंद्र आणि स्थिर भासणारे तारे या भेदावरच आपली कालगणना उभी आहे. तिचा इतिहास मराठीत साधार मांडणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षक होते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळील मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षक होऊन त्यांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी व धुळे येथे अध्यापन केले आणि अखेरीस ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातच शिकवू लागले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. शाळेचे काम सांभाळून त्यांनी ज्योतिषाचे जुने ग्रंथ अभ्यासले, गणिते केली आणि १८९२ साली सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले.

आकाशात जे चमकते ते सारे एकाच जातीचे नसते. तारा स्वयंप्रकाशी असतो. आपला सूर्यही एक ताराच होय. ग्रह सूर्याभोवती फिरतात, चंद्रासारखे उपग्रह ग्रहांभोवती फिरतात, आणि दोघांचाही प्रकाश सूर्याकडून उसना घेतलेला असतो. तारे लुकलुकतात, ग्रह बहुधा स्थिर तेजाने दिसतात. काही रात्री लक्ष ठेवले, तर ताऱ्यांमधून सरकणारा ग्रह दुर्बिणीवाचूनही ओळखता येतो.

१८९६ साली दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत असल्याचा उल्लेख त्यांना आढळला होता. आज त्या पूर्वबिंदूच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ताऱ्यांची उगवण्याची जागाही शतकानुशतके हळूहळू सरकत जाते. हे सरकणे मोजून दीक्षितांनी तो उल्लेख सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरविला. या निष्कर्षावर पुढे विद्वानांत मतभेद झाले. परंतु परंपरेतील वचन आकाशाशी ताडून पाहण्याची त्यांची रीत मोलाची ठरली. त्याच वर्षी रॉबर्ट सीवेल यांच्यासह लिहिलेला भारतीय पंचांगावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दीक्षितांनी नुसत्या डोळ्यांनी आणि गणिताने वाचलेले आकाश आज आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे निराळ्या साधनाने वाचले जाते. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. साधन बदलले, तरी आलेला किरण कोणाचा आणि किती दुरून निघालेला, हा प्रश्न कायम आहे.

चंद्रावरून परावर्तित झालेला प्रकाश सव्वा सेकंदाच्या आसपास आपल्यापर्यंत पोहोचतो. कृत्तिकांच्या प्रकाशाला मात्र सुमारे ४४० वर्षे लागतात. म्हणजे आज दिसणारे त्यांचे किरण शिवनेरीवर शिवजन्म झाला त्याच्याही आधी निघालेले आहेत. कार्तिकातल्या संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांसह पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. ठीक पूर्वेच्या थोडा डावीकडे तो लहानसा पुंज वर येताना दिसेल. दीक्षितांनी मोजलेले अंतर ते हेच.