ग्रामारोग्याचे उपासक श्री गाडगेबाबा

आपल्या वार्षिक स्मरणिकेत श्री संत गाडगेबाबांचे चरित्र नाही असे वर्ष सहसा जात नाही. आणि ते योग्यच आहे. परंतु दरवर्षी तेच वर्णन, तीच विशेषणे आणि तोच जयजयकार वाचून तरुण वाचक पान उलटतात, हेही खोटे नाही. म्हणून ह्या लेखात बाबांच्या चरित्राची एकच बाजू घेण्याचे योजिले आहे. खेड्यातील गरीब माणूस, विशेषतः तेथील लेकरू, कशाने आजारी पडते व कशाने मरते, हे ह्या निरक्षर पुरुषाने जितके नेमके ओळखले, तितके त्या काळच्या फार थोड्या शिकलेल्यांनी ओळखले असेल.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबू. जात आपली, म्हणजे परिटाची. वऱ्हाडात व आपल्या भंडाऱ्याकडे जिला वरठी असेही म्हणतात ती. घरात दारू शिरली होती. जातीतली रीत म्हणून प्यायची, बारशाला प्यायची, तेराव्यालाही प्यायची, असे चालता चालता झिंगराजींचे शरीर खचले आणि डेबू अवघा आठ वर्षांचा असताना ते वारले. सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी माहेरी गेल्या. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला, मामाची शेती वाढविली. पुढे सावकाराच्या कागदांनी ती शेती गिळली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. एक मृत्यू दारूचा, दुसरा कर्जाचा. बाबांच्या कीर्तनांत आयुष्यभर हे दोन शत्रू सतत का येत, ह्याचे उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको.

ज्या सुमारास डेबू पोरका झाला, त्याच सुमारास, १८८४ साली, रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यातील तळ्यांचे पाणी तपासून पटकीचा जंतू त्यात असल्याचे दाखवीत होता. ही वार्ता आपल्या खेड्यांपर्यंत पोचावयास दोन पिढ्या लागल्या. तोपर्यंत पटकी म्हणजे मरीआईचा कोप, आणि गोवर-कांजिण्यांपासून देवीपर्यंत सर्व अंगावर आलेली देवताच. गावात जरीमरी आली की बकरे कापावयाचे, मरीआईचा गाडा वाजतगाजत शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडावयाचा, आणि परत येऊन त्याच विहिरीचे पाणी प्यावयाचे! शिवेपलीकडच्या गावाने हा गाडा पुढे ढकलावयाचा, ही त्यातील माणुसकी.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पुढे कन्या आलोका हिच्या बारशाचा प्रसंग आला. जातीच्या रिवाजाप्रमाणे भाऊबंदांना दारू व सागुती द्यावयाची. डेबूजींनी दोन्ही नाकारून गोड जेवण वाढले. आज हे वाचताना आपणांस त्यात विशेष काही वाटत नाही. पण ज्या काळी जातपंचायतीच्या शब्दाबाहेर गेलेल्याला कोणी विस्तवही देत नसे, त्या काळी भर पंगतीत हे करणे म्हणजे लहान गोष्ट नव्हती. येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. ज्या पंगतीविरुद्ध ते उभे राहिले ती पंगत परक्यांची नव्हती, आपलीच होती; आणि आजही आपल्या काही वराती पाहिल्या म्हणजे ती पंगत अजून उठलेली नाही असेच वाटते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर निरनिराळ्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात काठी व खराटा, आणि डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर. तेच टोपी, तेच जेवणाचे ताट. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पुष्कळ वर्षे ते गावोगाव हिंडत राहिले. त्यांची कार्यपद्धती ध्यानात घेण्याजोगी आहे. गावात शिरले की कोणाशी न बोलता ते झाडावयास लागत. उकिरडा, नाली, विहिरीभोवतीचा चिखल, देवळापुढील घाण, जे दिसेल ते. लोक प्रथम वेडा समजत, मग पाहात उभे राहात, मग एखादा लाजून फावडे आणी. दिवसा गाव स्वच्छ झाले की रात्री कीर्तन. कीर्तनही निराळेच. ना पोथी, ना पदांचा आखीव क्रम. अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना साधे प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे. देवापुढे कापलेल्या बकऱ्याने रोग जातो काय, कर्ज काढून केलेल्या तेराव्याने बाप स्वर्गात जातो काय, मुलाला शाळेत न घालता त्याचे भले होते काय, अशा प्रश्नांनी श्रोता आपल्याच उत्तरात सापडत असे.

आरोग्याच्या दृष्टीने ह्या क्रमात मोठे शहाणपण आहे. आधी हाताने करून दाखविणे व नंतर सांगणे, हा क्रम उलटला की उपदेश कोरडा होतो.

अमरावतीकडे पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरते. काठ चिखलाचा व निसरडा. म्हातारी माणसे व लेकुरवाळ्या बाया घसरून पडत. बाबांनी प्रथम तो काठ खणून, दगडमाती टाकून उतार केला. मागाहून तेथे घाट उभा राहिला. यात्रेच्या जागांकडे त्यांचे लक्ष होते त्यालाही कारण आहे. पूर्वी पटकी पसरावयाची ती बहुधा यात्रेतून. हजारो माणसे नदीच्या वाळवंटात उघड्यावर बसत, तेच पाणी पीत, आणि परतताना रोग गावोगाव नेत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, जेथे जेथे गरीब यात्रेकरू उघड्यावर पडे तेथे तेथे बाबांनी लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरास ज्यांना कोणी ओसरीवर घेत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि ती १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी. बाबा परिटाच्या घरी जन्मले ह्याचा आपण अभिमान बाळगतो. परंतु गावाचा मळ ज्याने धुतला, त्याच्या स्वतःच्या आरोग्याकडे कोणी पाहिले? बाळंतिणीचे, मयताचे, पटकीच्या रोग्याचे कपडे आपल्याच आयाबहिणींच्या हाती येत. भट्टीत कपडे उकळले म्हणजे जंतू मरतात, हे शास्त्राने मागाहून सांगितले. आपल्या वाडवडिलांनी ते नकळत केले. पण भट्टीपर्यंत पोचण्याआधी ती गाठोडी घरातच, पोरांच्या अंथरुणाशेजारी पडलेली असत. दिवसभर पाण्यात उभे राहून पायांना चिखल्या होत त्या निराळ्याच.

आपला भंडारा जिल्हा धानाचा व तलावांचा. वैनगंगा, तिच्या उपनद्या, जुन्या मालगुजारांच्या काळचे मामा तलाव, गावोगावच्या बोड्या; पाण्याची वाण नाही, आणि पाण्याबरोबर येणाऱ्या रोगांचीही नाही. हत्तीपायाचा डास तुंबलेल्या घाणेरड्या पाण्यात, नालीत व शोषखड्ड्यात वाढतो; हिवतापाचा डास त्या मानाने स्वच्छ, संथ पाण्यात. म्हणजे दाराची नाली वाहती केली तर पहिल्यावर घाव बसतो, दुसऱ्यासाठी तलाव-बांधीकडे पाहावे लागते. हत्तीपायाचे जंतू रक्तात मुख्यतः रात्री सापडतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री रक्त तपासावयास येतात. त्यांना दारातून परत पाठविणारी, आणि वर्षातून एकदा वाटल्या जाणाऱ्या गोळ्या कोनाड्यात ठेवून देणारी घरे आपल्यातही आहेत. एकदा फुगलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. गोळी त्या आधी घ्यावयाची असते. नागपूरच्या नाग नदीची घाण कन्हानमार्गे वैनगंगेत उतरते, हेही विसरता येत नाही. ते एका खराट्याचे काम नव्हे. तेथे सरकारकडेच मागणी लावून धरली पाहिजे.

तरुणांविषयी दोन गोष्टी. बाबांच्या काळी खेड्यातील तरुणाचा वैरी दारू होती. आज तिच्या जोडीला खर्रा आला आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला हा पदार्थ विदर्भात शाळकरी मुलाच्या खिशातही सापडतो. सुपारीने गालाच्या आतील कातडे ताठ होत जाते, तोंड उघडेनासे होते, घास घेता येत नाही, आणि पुढे कित्येकांत तेथेच कर्करोग मूळ धरतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण खर्रा घोटणारी टपरी चालूच राहिली. दुसरी गोष्ट सिकलसेलची. हा रक्ताचा रोग आईबापांकडून मुलांकडे येतो व पूर्व विदर्भात, आपल्या जिल्ह्यातही, आढळतो. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः मात्र सहसा धडधाकट दिसतो, त्यामुळे तपासणीवाचून कळत नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांत पत्रिका, शिक्षण व शेती ह्यांची चौकशी बारकाईने होते. त्याच फॉर्मवर रक्ततपासणीचा एक रकाना छापावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवीत आहे. ह्यात कोणाचा अपमान नाही. जुळलेली सोयरीक मोडावी हा हेतूही नाही. जाणून घेऊन, डॉक्टरांचा सल्ला घेऊन पुढे जावे, एवढेच.

हे विषयांतर झाले असे कोणी म्हणेल. पण बाबांचे कीर्तन असेच विषयांतर करीत असे.

त्यांच्या वैराग्याची कसोटी १९२३ साली लागली. पुत्र गोविंद वारल्याची वार्ता कीर्तन चालू असताना आली, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. कुंताबाईंनी मात्र हे दुःख कसे सोसले ह्याविषयी आपण फारसे लिहीत नाही. ही आपल्या चरित्रलेखनातील उणीव आहे. लाखो रुपये त्यांच्या हातून संस्थांत गेले, पण आप्तांना त्यांनी त्या कारभारापासून दूर ठेवले. कोणास शिष्य केले नाही, स्वतःस कोणाचा गुरू म्हणवून घेतले नाही. १९५२ साली सर्व संस्थांच्या देखरेखीसाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडास काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव दिले.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी अवस्थेत मोटारीने नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे. २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावागावांत पुन्हा खराटे निघाले. कित्येक गावांत ते तपासणी समितीची गाडी गेल्यावर परत माळ्यावर गेले, हेही नमूद केले पाहिजे.

मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी बाबांनी धर्मशाळेची सोय केली होती. इस्पितळात खाट मिळालेल्या रोग्याची बायको वा म्हातारा बाप रस्त्यावर झोपतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे त्यांच्या पश्चात दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी आलेली माणसे तेथे उतरतात, आपल्या विदर्भाकडचीही. त्यांत तोंड न उघडणारी तरुण मुले असतात.