कै. दत्तात्रेय विष्णु पलुसकर आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्र्यंबकेश्वराहून ज्या नाशिक क्षेत्री येते, तेथे २८ मे १९२१ रोजी दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्म झाला. लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे गायनाचार्य विष्णु दिगंबर हे त्यांचे वडील. उत्तरायुष्यात नाशकास रामभक्तीत रमलेले विष्णुबुवा १९३१ साली निवर्तले, तेव्हा बापूराव अवघे दहा वर्षांचे होते. पुढे पित्याचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यास त्यांना घडविले.

आज बापूराव आपल्या कुटुंबांतून परिचित आहेत ते मुख्यतः ध्वनिमुद्रिकांमुळे. त्या काळची तबकडी लाखेची, मिनिटास ७८ फेरे घेणारी. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. मैफलीत तासभर आळवावयाचा राग एवढ्या अवकाशात बसविताना थोर गवयांचीही त्रेधा उडे, आणि ती घाई कित्येक तबकड्यांत ऐकू येते. बापूरावांच्या श्री आणि गौडसारंग या तबकड्यांत ती औषधालाही नाही. आलाप थोडे पण नेमके, ताना मोजक्या. पिन उचलावी लागते तेव्हाच वेळ संपल्याचे कळते. मीरेच्या नि तुलसीदासांच्या भजनांनी तर त्यांना घरोघरी नेले.

लाखेत दगडाची पूड मिसळलेली असल्याने या तबकड्या खरखरत. चावीच्या फोनोतून खर्जाचे गांभीर्यही पुरते उतरत नसे. तरीही बापूरावांचा निर्मळ आवाज त्या खरखरीतून स्वच्छ उमटतो. जुनी मंडळी त्या खरखरीतच गोडी आहे असे म्हणतात. हे म्हणणे प्रेमाचे आहे. वस्तुतः खरखर हा दोषच. मात्र अलीकडे यंत्राने ती पुसताना पुष्कळदा स्वराची धारही पुसली जाते, ही त्यांची तक्रार अगदी रास्त होय.

१९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेत त्यांनी देसी रागातील जुगलबंदी गायिली. १९५५ साली भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून ते चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मेंदूच्या दाहाने, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय केवळ ३४ वर्षांचे!

एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे सामावणारी विनाइलची तबकडी आपल्याकडे रुळली ती त्यांच्या पश्चात. आकाशवाणीवरील व मैफलींतील जी थोडी मुद्रणे जपली गेली होती, ती मग हळूहळू प्रकाशात आली. आणि बापूराव सावकाश, विस्ताराने गात कसे, हे ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते त्यांच्याही कानी पडले.